परवाचे गाणे

स्लाऊ, गुरुवार, ११ ऑक्टोबर २००७

आजचे काम: इमिग्रेशन ट्रिब्यूनल, एक अपील, भाषा स्पॅनिश, वेळ दोन तास चाळीस मिनिटे. स्वतःला गुण: दहापैकी नऊ. एका शब्दासाठी सेकंदभर थांबावे लागले, म्हणून एक गुण कापला. एरवी वाक्यरचना निर्दोष होती, आणि हे मी स्वतःच्या कौतुकासाठी लिहीत नाही. नोंद म्हणून लिहिते.

अपील करणारी बाई मेक्सिकोची, व्यवसायाने गायिका. गोपनीयतेचा नियम दैनंदिनीलाही लागू आहे असे मी मानते, म्हणून तिला ए. म्हणते. वय चोपन्न. आठ वर्षे एका लोकसंगीताच्या मंडळीबरोबर परवान्यावर येथे गात होती. मंडळी गेल्या वर्षी बंद पडली. तिने स्वतंत्रपणे राहू देण्याचा अर्ज केला, आणि अर्ज विचाराधीन असेपर्यंत कोणाकडेही मोबदला घेऊन गायचे नाही, अशी अट तिच्यावर आली. ती अट तिने मोडली या संशयावरून अर्ज फेटाळला गेला. अपील फेटाळले तर तिला देश सोडावा लागेल. निकाल लेखी येईल, चार-पाच आठवड्यांनी.

सुनावणीच्या आरंभी दुभाषी व अपीलकर्ती यांना परस्परांचे बोलणे समजते का, हे पाहण्यासाठी न्यायाधीश चार वाक्ये बोलायला लावतात. ए.ने पहिल्याच वाक्यात ‘आयगा’ हे क्रियापद वापरले. शुद्ध रूप ‘आया’. मी माझ्या उत्तरात शुद्ध रूप मुद्दाम दोनदा योजले. तिने ओठ मुडपले. स्पॅनिश सुवर्णयुगातील पद्यावर प्रबंध लिहिलेल्या व्यक्तीच्या कानांना काही गोष्टी सहन होत नाहीत; त्याला माझा इलाज नाही.

तिची कारकीर्द तिच्याच तोंडून ऐकली. पाचव्या वर्षी एका लग्नात लाकडी चौथऱ्याशेजारी उभी राहून गायली. त्या चौथऱ्यावर लोक टाचांनी ताल धरतात. तिच्या भागातल्या गाण्यात आवाज मध्येच मोडतो आणि वरच्या सुरात उडी घेतो. (याच मोडण्यासाठी मला शब्द सापडेना.) सोळाव्या वर्षी बंदराच्या शहरात एका नाचाच्या बँडमध्ये गेली. त्या संगीताला ते ‘त्रोपिकाल’ म्हणतात: ट्रंपेट, ढोल, जोडीने नाचणारी माणसे. तीन रेकॉर्डी निघाल्या. चाळिशीनंतर बँडवाल्यांना वीस वर्षांच्या मुली हव्या झाल्या. मग पुन्हा लहानपणची गाणी, आणि ही मंडळी, आणि इंग्लंड.

“परत का जात नाही?” असे सरकारी वकिलांनी विचारले. ती म्हणाली, “तिकडे सगळ्यांना शब्द येतात, म्हणून कोणी ऐकत नाही. इथे कोणाला शब्द येत नाहीत, म्हणून ऐकतात.” वाक्य आकर्षक, तर्क कच्चा. मी दोन्ही जसेच्या तसे पोहोचवले.

शेवटचा प्रश्न होता, श्रोत्यांसमोर शेवटचे कधी गायलात. उत्तर लांबलचक होते. बंद पडलेल्या मंडळीपासून सुरू झाले आणि स्लाऊपर्यंत आले. मी टिपणांवरून सलग सांगितले: परवा शनिवारी स्लाऊत एका ओळखीच्या बाईंचा वाढदिवस आहे, तेथे ती गाणार आहे, मोबदला म्हणून जेवण आणि घरी सोडायला गाडी. न्यायाधीश किंचित हसले. म्हणाले, “निकाल लागेपर्यंत तसं काही करू नये, एवढं त्यांना सांगा. समजलं का विचारा.” मी सांगितले. तिने माझ्याकडे क्षणभर पाहिले आणि म्हणाली, “समजलं.” त्या पाहण्यात माझ्या ओघवत्या अनुवादाची दाद असावी.

शुक्रवार, १२ ऑक्टोबर

टिपणे फाडण्यापूर्वी मी ती एकदा तपासते. गेली अकरा वर्षे हा शिरस्ता आहे.

मी टिपणे मराठीत घेते. ट्रिब्यूनलच्या खोलीत कोणालाही वाचता येत नाही अशी ती एकमेव लिपी, आणि माझ्या हाताला तीच सर्वांत वेगाने येते. क्रियापदे मी गाळते. शेवटच्या उत्तराचे टिपण असे आहे: ‘परवा. स्लाऊ. वाढदि. गाणे. जेवण, गाडी.’

ती ‘आन्तिएर’ म्हणाली होती. मला तो शब्द आता कानात स्वच्छ ऐकू येतो. आन्तिएर म्हणजे होऊन गेलेला परवा. मंगळवार. ती मंगळवारी गायली होती.

मी होऊन गेलेल्या परवाचा येणारा परवा केला.

शनिवार, १३ ऑक्टोबर

दिवसभर एकच गोष्ट मनात. ज्या प्रश्नावर संपूर्ण अपील उभे आहे, त्याचेच उत्तर मी उलटे दिले. तिने अट मोडल्याचे स्वतः कबूल केले होते. मी ती कबुली एका निरागस बेतात बदलली. न्यायाधीशांनी येणाऱ्या शनिवारसाठी ताकीद दिली. ती बिचारी मागच्या मंगळवारसाठी ऐकत होती. आणि दोघांनीही मान डोलावली. इतकी चपखल बसलेली चूक मी कोणाच्याही अनुवादात पाहिलेली नाही.

कर्तव्य स्पष्ट आहे. ट्रिब्यूनलला पत्र लिहून दुरुस्ती कळवायची. त्याने तिचे अपील बहुधा फेटाळले जाईल. तो भाग माझ्या अखत्यारीत येत नाही.

पत्राचा पहिला मसुदा केला. एक पान. टपालाचा संप अजून पूर्ण मिटलेला नाही असे रेडिओवर सांगितले, तेव्हा आज टाकण्यात अर्थ नव्हता.

मंगळवार, १६ ऑक्टोबर

दुसरा मसुदा. ‘एरर’ लिहावे की ‘मिस्टेक’? पहिल्यात तांत्रिकपणा आहे, दुसऱ्यात कबुली. कबुली हवी, पण लाचारी नको.

चंद्रशेखरना काल सगळे सांगितले होते. तीस वर्षे माणसांना भूल देऊन त्यांचा स्वर कायमचा हलका झाला आहे. ते म्हणाले, “मराठीनं केलेली चूक आहे ही, तुझी नाही. आपल्या लोकांना गेलेलं काय आणि यायचंय ते काय, कुठे फरक पडतो.”

“अहो, विनोद नकोत. एका बाईचं सगळं त्यावर अवलंबून आहे.”

“म्हणजे पत्र गेलं की ती जाणार?”

“तो निर्णय न्यायाधीशांचा.”

“आणि नाही गेलं तर राहणार?”

मी मसुदा उचलून पुन्हा वाचू लागले. त्यावर ते म्हणाले, “मग मी तरी कशाला बोलू,” आणि बागेतली पाने गोळा करायला गेले.

आज संध्याकाळी जेवताना त्यांनी विचारले, “पत्र टाकलंस?” मी वाटीत आमटी वाढत म्हटले, “परवा.” ते म्हणाले, “बरं झालं, सुटलीस,” आणि पुन्हा विषय काढला नाही. त्यांनी काय समजायचे ते समजले. मी खुलासा केला नाही.

शनिवार, २० ऑक्टोबर

कॅमडेनला जायचे दुसरेच काम होते. बाजारात जुन्या सीडींचा एक गाळा आहे. तेथे बंद पडलेल्या त्या मंडळीची सीडी मिळाली. मुखपृष्ठावर मधोमध ए., खाली छापलेले नाव एल्पिदिया (छापलेले आहे, तेव्हा ते गोपनीय नाही); हातात फुले नाहीत, हसू नाही, एक पाय पुढे. मुद्दाम शोधली नव्हती. गाळेवाल्याला फक्त दोनदा विचारले.

पत्रात अपीलकर्तीच्या बोलीविषयी एक वाक्य घालावे लागेल, कारण ‘आन्तिएर’ हे प्रादेशिक रूप आहे. तेव्हा तिचे उच्चार अभ्यासणे सयुक्तिक ठरते.

शब्दांती येणारे ‘स’ ती गिळते. व्यंजने ढिली. तिसऱ्या गाण्यात श्वास चुकीच्या जागी घेते, चरणाच्या अगदी मध्ये, आणि मग आवाज मोडून वर जातो. खात्री करण्यासाठी ते गाणे पुन्हा ऐकले. सात वेळा. श्वास चुकीच्याच जागी आहे. त्या जागी घेतला नसता तर आवाज तसा मोडला नसता, हेही नमूद करते.

बुधवार, २४ ऑक्टोबर

चौथा मसुदा. दुसऱ्या परिच्छेदात सलग दोन वाक्ये ‘मी’ने सुरू होतात. असे पत्र न्यायालयात जाऊ देणे मला शक्य नाही.

झोप नीट लागत नाही. दुपारी ट्रिब्यूनलच्या दुभाष्यांच्या पॅनेलकडून फोन आला. पुढच्या आठवड्यातले एक काम देत होते. मी प्रकृतीचे कारण सांगून नाकारले. अकरा वर्षांत पहिला नकार.

रविवार, २८ ऑक्टोबर

अक्षया मिल्टन कीन्सहून गाडीने आली. स्वयंपाकघरात सीडी चालू होती. तिने येताच आवाज वाढवला.

“आई, ही कोण? किती मस्त आवाज आहे हिची.”

“हिचा. आवाज पुल्लिंगी आहे.”

“हिचा. तुला असला म्युझिक आवडतं?”

“असलं. आणि आवडण्याचा प्रश्न नाही, कामासाठी ऐकते आहे.”

तिने ओट्यावरचा मसुदा उचलून वाचला. मी हिसकावून घेण्याच्या आत वाचून झाला. कामाच्या ठिकाणी दिवसभर पडद्यावर वाचून तिला ती वाईट सवय लागली आहे.

“हा लेटर तू पाठवली?”

“हे पत्र. पाठवलं का. नाही, अजून भाषा पक्की व्हायची आहे.”

“व्हर्शन सिक्स लिहिलंय वर.”

“मग?”

तिने सीडीचा आवाज कमी केला. मग म्हणाली, “तू माझ्या शाळेला जी कम्प्लेंट लिहिली होती, ती दहा मिनिटात लिहिलीस. कारमध्ये. माझ्या पाठीवर पेपर ठेवून.”

मुलांना अप्रस्तुत गोष्टी नेमक्या लक्षात राहतात. त्या तक्रारीत एक स्वल्पविराम चुकला होता, आणि तो मला आजही सलतो.

गुरुवार, ८ नोव्हेंबर

एल्पिदियाच्या वकिलांच्या कार्यालयातून फोन. निकाल आला आहे. पाच पाने. तिला तो स्पॅनिशमध्ये समजावून हवा आहे, आणि सुनावणीतल्याच बाई हव्यात असा तिचा हट्ट आहे.

“निकाल काय?” असे मी विचारले. ते म्हणाले, “अपील मान्य.”

फोन ठेवल्यावर पायऱ्यांवर बसले. कारण कळत नाही; दिवसभर काही खाल्ले नव्हते, तेच असावे.

ट्रिब्यूनलच्या दुभाष्याने पक्षकाराचे खाजगी काम घ्यावे का, हे नियमावलीत तीन वेळा वाचले. ‘सुनावणी चालू असताना’ घेऊ नये असे शब्द आहेत. सुनावणी संपली आहे. या अर्थाने मी ते वाक्य कधी वाचले नव्हते, पण तो अर्थ त्यात बसतो. मंगळवारी येते असे कळवले.

मंगळवार, १३ नोव्हेंबर

वकिलांच्या कार्यालयात मागच्या बाजूला एक लहान खोली आहे. तेथे आम्हा दोघींना बसवून ते दुसऱ्या कामाला गेले. खिडकीबाहेर कोणाचे तरी गोदाम, माल उतरवणारे ट्रक. एल्पिदिया स्वच्छ इस्त्रीचा निळा ब्लाउज घालून आली होती. सुनावणीच्या दिवशी दिसली त्याहून उंच वाटली.

मी पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. ती हात मांडीवर ठेवून ऐकत होती. चौथ्या पानावर, सतराव्या परिच्छेदात, न्यायाधीशांनी लिहिले आहे: ‘अपीलकर्तीने येत्या शनिवारच्या कार्यक्रमाची माहिती काहीही न लपवता, आपण होऊन दिली. इतक्या सरळपणे बोलणारी व्यक्ती अट जाणूनबुजून मोडील असे मला वाटत नाही.’ निकाल या परिच्छेदावर उभा आहे. बाकी पाने त्याची सजावट आहे.

वाक्य मवाळ करता आले असते. केले नाही. शब्दाला शब्द सांगितले.

ती म्हणाली, “मी आन्तिएर म्हटलं होतं.”

“हो.”

“तुम्ही सांगितलं तेव्हाच मला कळलं. आठ वर्षं झाली मला इथे, दोक्तोरा. परवा कुठला, एवढं इंग्रजी येतं मला.” माझ्या पीएच.डी.मुळे ती मला पहिल्या दिवसापासून दोक्तोरा म्हणते. “मी गप्प बसले. तुम्ही माझ्यासाठी एवढं करताय, मध्येच तोंड उघडून बिघडवू कशाला?”

मी म्हटले, “मी तुमच्यासाठी काही केलं नाही. माझी चूक झाली.”

“तुमची?” ती हसली. “माझं एक क्रियापद तुम्हाला सोसवलं नाही. चार वाक्यांत दोनदा कानाखाली वाजवलंत माझ्या. आणि तुम्ही दिवस चुकणार?”

मी तिला कागदावर आमचा शब्द लिहून दाखवला. आमच्या भाषेत आजच्या दोन्ही बाजूंना एकच शब्द आहे, मागे दोन दिवस आणि पुढे दोन दिवस. कोणता तो क्रियापद सांगते, आणि क्रियापदे मी गाळते. तिने तो शब्द बोटाने गिरवला.

“आणि तुमचे लोक गोंधळत नाहीत?”

“नाही.”

“म्हणजे तुम्ही एकट्याच.”

“हो. मी एकटी.”

हे वाक्य मी कोणत्याही भाषेत यापूर्वी उच्चारल्याचे आठवत नाही.

मग मी तिला पत्राबद्दल सांगितले. तिला सांगणे आवश्यक नव्हते. तिच्या चेहऱ्यावरचे हसू जागच्या जागी राहिले, डोळ्यांतले गेले.

“कधी लिहिलंत?”

“पहिला मसुदा तेरा ऑक्टोबरला.”

“एकतीस दिवस. बरंच मोठं असेल.”

“एक पान आहे.”

तिने माझ्याकडे पाहिले. अगदी सुनावणीत पाहिले होते तसेच. ती दाद नव्हती, हे आता समजते. ती म्हणाली, “बाई, मी लग्नात उभ्या उभ्या चार ओळी बांधते. समोर नवरा दिसला की नवऱ्यावर, सासू दिसली की सासूवर. एक पान एकतीस दिवस लिहिणारा माणूस ते पाठवत नसतो.”

“भाषा पक्की झाली की पाठवीन.”

“मग आज पाठवा.” तिचा आवाज मोठा झाला नाही, उलट खाली गेला. “आज पाठवा, नाहीतर कधीच नको. मी वर्षभर दर सकाळी दाराच्या फटीतून पडणारी पाकिटं उचलत होते. उघडायच्या आधी चहा करायचे, हात स्थिर व्हावा म्हणून. गायला उभी राहिले तरी मन त्या दारात. तिकडे जायला मी घाबरत नाही. चोपन्न वर्षांची आहे, जाईन, चुलतभावाच्या दुकानात बसेन. पण ते पाकीट तुमच्याकडून येणार की नाही, याची वाट बघत इथे गाणं मला जमणार नाही. आवाज तेवढ्यानं जातो.”

बाहेर मागे येणाऱ्या एका ट्रकचा भोंगा वाजत राहिला.

“पाठवणार नाही,” मी म्हटले.

ती उठली, निकालाची पाने नीट जुळवून पाकिटात घातली, आणि दारातून म्हणाली, “‘आयगा’ माझी आजी म्हणायची. मी तसंच म्हणणार.”

“म्हणा,” मी म्हटले.

बुधवार, १४ नोव्हेंबर

सातही मसुदे सकाळी फाडले. फाडताना दुसरा परिच्छेद पुन्हा डोळ्यांखालून गेला. खरे तर तो तिसऱ्या मसुद्यापासूनच पक्का होता.

मी काय केले याविषयी स्वतःची फसवणूक करणार नाही. एका न्यायाधीशाला खोटी गोष्ट खरी वाटू दिली आणि ती तशीच राहू देणार आहे. चूक नकळत झाली. राखली मात्र जाणूनबुजून. दुसऱ्या कोणा दुभाष्याने हे केले असते तर त्याला पुन्हा त्या खोलीत बसू देऊ नये असे मी म्हटले असते, आणि सविस्तर म्हटले असते.

तेव्हा पॅनेलमधून नाव काढून घेण्याचा फॉर्म भरला. कारणाच्या रकान्यात निवृत्ती, स्थलांतर, प्रकृती असे तयार पर्याय आहेत; शेजारी चौकटी. चंद्रशेखर खांद्यावरून पाहत म्हणाले, “प्रकृतीवर खूण कर. मी सही करतो, डॉक्टर आहे मी.”

“अहो, तुम्ही भूल देता.”

“तेच तर म्हणतोय.”

मी ‘इतर’वर खूण केली आणि खालच्या दोन ओळींत लिहिले: ‘निर्णायक प्रश्नाचे उत्तर मी उलट अर्थाने पोहोचवले. पुन्हा तसे होणार नाही याची हमी मला देता येत नाही.’ मसुदा केला नाही. थेट शाईने. चंद्रशेखरनी ते वाचले आणि चष्मा काढून पुसत बसले. विनोद केला नाही.

त्याखाली ‘संबंधित प्रकरणाचा क्रमांक’ असा रकाना होता. तो रिकामा ठेवला. फॉर्म अपुरा भरून पाठवण्याची माझ्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ. ते पत्र लिहून क्रमांक विचारतील, हे उघड आहे. मी त्यांच्या जागी असते तर विचारला असता.

सोमवार, १९ नोव्हेंबर

टपाल साडेअकराला येते. आज अकरापासून खालच्या पायरीवर बसले होते. काहीतरी फटीतून पडले. चहा करून आले, मग उचलले. विजेचे बिल होते.